शून्य-शून्यावरची खोली

१

सकाळी घरातून निघण्याआधीची माझी कामं ठरलेली असत. अण्णांना चहा, अण्णांची गोळी, त्यांच्या सदऱ्याच्या आतल्या खिशात टॅग आहे ना ते चाचपून बघायचं, खिडकी किलकिली करायची आणि बाहेर येऊन त्यांच्या खोलीच्या दाराला कडी लावायची. कडी मी फार हळू लावायचे. बोटाने दाबून धरत सरकवायची, आवाज होऊ द्यायचा नाही. शेजारच्या काकूंपासून लपवत होते म्हणावं तर तसं नव्हतं. दुपारी अण्णांचं जेवण घेऊन त्याच यायच्या आणि त्याच कडी काढायच्या. अण्णांना सांगितलं असतं तरी त्यांच्या लक्षात राहणार नव्हतं. मग तो आवाज मी कुणापासून लपवत होते, हे कधी स्वतःला विचारलं नाही.

अण्णा म्हणजे माझे वडील. आयुष्यभर त्यांनी विजेचे मीटर वाचायचं काम केलं. घरोघर जायचं, बोटाच्या पेराने दारावर तीनदा टकटक करायची, "वहिनी, मीटर बघायचाय" म्हणायचं, आकडा टिपायचा आणि पुढचं दार. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, आई गेली आणि मग आमची नावं, नाती, घराचा पत्ता असं एकेक त्यांच्या डोक्यातून निघून गेलं. काम तेवढं शिल्लक राहिलं. दार उघडं दिसलं की अण्णा निघालेच. कुणाच्याही घरात शिरायचे आणि कपाटामागे मीटर शोधायचे.

लोक आधी हसायचे. मग एकदा एका घरात बाई न्हाणीघरातून बाहेर येत होती आणि समोर अण्णा उभे. तिच्या नवऱ्याने त्यांना कोपराला धरून आमच्या दारात आणून उभं केलं.

"तुमचे का हे?"

मी मान खाली घालून हो म्हटलं. अण्णांच्या गालावर चार बोटं उठली होती आणि ते माझ्याकडे बघून ओशाळं हसत होते. त्याच आठवड्यात मी सुताराला बोलावून कडी बसवून घेतली.

टॅगचंही सांगायला हवं. मी ज्या संस्थेत आहे तिथे करकोच्यांच्या पाठीवर काडेपेटीएवढं एक यंत्र बांधतात. ते उपग्रहांच्या मदतीने स्वतःची जागा शोधतं आणि मोबाइलच्या जाळ्यावरून आम्हाला कळवतं. बॅटरी कमजोर म्हणून बाद झालेला असा एक टॅग मी कुणाला न विचारता घरी आणला होता. अण्णा निसटलेच तर निदान सापडावेत म्हणून. बापाला पक्ष्याचा टॅग लावायचा, हे ऐकायला कसं वाटतं ते मला कळत होतं. म्हणूनच तर कुणापाशी बोलले नव्हते.

२

संस्थेत मला सगळे नकाशेबाई म्हणतात. करकोचा मी जन्मात हातात धरलेला नाही, पण त्याने ओलांडलेली सगळी वाळवंटं मी काढलेली आहेत. पायथन या संगणकी भाषेत चार ओळी लिहायच्या, प्लॉट म्हणजे आलेख काढणाऱ्या तयार लायब्ररीला सांगायचं की पृथ्वी अशी उलगड, समुद्राला हा रंग दे आणि हे ठिपके वर टाक. सरळ काम आहे, आणि सरळ कामातच माणसं पडतात. मग "नकाशेबाई, माझे पक्षी गेले कुठे?" म्हणत लॅपटॉप छातीशी धरून माझ्या टेबलाशी येतात.

पक्षी बहुतेक वेळा एकाच ठिकाणी गेलेले असतात. टॅग अंशांत बोलतो आणि नकाशा मीटरमध्ये. मधे दुभाषा लागतो, त्याची एक ओळ लिहावी लागते. ती ओळ विसरली की लायब्ररी अंशांनाच मीटर समजते आणि अर्ध्या जगावर पसरलेलं स्थलांतर नकाशाच्या मधोमध एखाद्या अंगणाएवढ्या जागेत गोळा होऊन बसतं. बाकी जग रिकामं. मी ती ओळ घालून देते, लोक कपाळावर हात मारतात आणि चहा पाजतात.

दुसरी नेहमीची भानगड शून्यांची. डोक्यावर छप्पर आलं की टॅगला उपग्रह दिसत नाहीत. मग तो जागा म्हणून शून्य अक्षांश, शून्य रेखांश लिहून मोकळा होतो. विषुववृत्त आणि शून्य रेखांश जिथे एकमेकांना छेदतात तो बिंदू भर समुद्रात आहे. तिथे नुसतं पाणी. पण जगभरातल्या यंत्रांना जे जे सापडलं नाही, ते सगळं हिशेबाला तिथे जमा असतं. आम्ही त्यासाठी कोडमध्ये एक चाळणी ठेवतो. जागा बरोबर शून्य-शून्य असेल तर तो ठिपका काढूच नकोस. ही ओळ सगळ्यांच्याच कोडमध्ये असते आणि एकदा लिहिली की कुणी परत वाचत नाही.

टॅगांची चूक मोजायला एक टॅग हंगामभर आमच्यापैकी कुणाच्या तरी अंगावर ठेवायची आमच्याकडे पद्धत आहे. त्या हंगामात तो माझ्याकडे होता, किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवलेला; नकाशावर मात्र तो आम्ही काढत नाही. सगळे टॅग एकाच फाइलीत येतात. करकोचे, मी आणि कुणाला माहीत नसलेले अण्णा. मी दिवसभर ऑफिसात, अण्णा दिवसभर खोलीत, म्हणजे आम्ही दोघंही शून्य-शून्यावर आणि चाळणीत अडकलेले. नकाशावर अण्णा दिसले नाहीत की माझा जीव भांड्यात पडायचा.

३

मोठ्या बैठकीत नकाशा दाखवायची वेळ आली तेव्हा सगळं नेटकं होतं. निदान मला तसं वाटत होतं. भिंतीवर नकाशा उमटला, करकोच्यांच्या वाटा निळ्या, हिरव्या, जांभळ्या. सर दोन हात मागे बांधून पडद्याजवळ गेले. सर म्हणजे आमचे प्रमुख. माणूस वाईट नाही, पण त्यांना चारचौघांत विनोद करायची हौस आहे.

"नकाशेबाई, हा कोण भर समुद्रात पोहायला गेलाय?"

त्यांचं बोट शून्य-शून्यावर होतं. तिथे एक केशरी ठिपका होता. चाळणीतून निसटलेला.

"बघते, सर," मी म्हटलं आणि घाईघाईने तो भाग मोठा केला. तेच करायला नको होतं. ठिपका मोठा होता होता फुटला. तो एक ठिपका नव्हता, शेकडो ठिपके होते. आणखी मोठं केल्यावर ते एका चौकोनात पसरलेले दिसायला लागले. लांबट चौकोन, कडा सरळ, कोपरे काटकोनात. ठिपके एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जात होते आणि परत येत होते. एका बाजूच्या मध्यावर त्यांची इतकी गर्दी होती की तिथे केशरी डागच पडला होता.



"उडत नाही हा पक्षी," सर म्हणाले. "येरझाऱ्या घालतोय. पिंजऱ्यात ठेवलाय की काय कुणी?"

सगळे हसले. मीही हसले, म्हणजे तोंड तसं केलं. कोपऱ्यात टॅगचा क्रमांक लिहिलेला होता आणि तो मी पाहिला होता.

"कुणाला लावलाय हा टॅग?"

"कुणालाच नाही, सर," मी म्हटलं. "बाद टॅग आहे. कपाटात पडलाय. मी काढून टाकते."

माझा आवाज अगदी नेहमीसारखा निघाला, याची मला सगळ्यात जास्त लाज वाटली. तिथल्या तिथे, सगळ्यांच्या देखत, चाळणीला मी थोडी ढील दिली. शून्याच्या जवळपास जे असेल तेही गाळ. नकाशा पुन्हा काढला. समुद्र स्वच्छ झाला.

"शाब्बास," सर म्हणाले.

४

जागेवर येऊन बसले तेव्हा कानशिलं तापली होती. तुमचे का हे, असं तो माणूस अण्णांना हिसडा देऊन विचारत होता तेव्हा मी निदान हो म्हटलं होतं.

पण कोडची सवय वाईट. चूक दिसली की हात शिवशिवतात. मी स्वतःला सांगितलं की दुभाष्याची ओळ राहिली असणार, दुसरं काय. अण्णांच्या टॅगचे अंश मीटर समजले गेले असतील. ओळ तपासली. जागेवर होती. मग आकडे उघडून पाहिले. शून्यं होती, पण नुसती शून्यं नव्हती. दशांशचिन्हानंतर चार शून्यं आणि मग आकडे. एखादा मीटर इकडे, दोन मीटर तिकडे. चाळणी फसली ती यामुळे. ती बरोबर शून्य शोधत होती.

मग बॅटरीवर संशय घेतला. कमजोर बॅटरी काहीबाही आकडे देते हे खरं आहे. पण काहीबाही आकड्यांचा प्लॉट काढला तर मधे दाट, कडेला विरळ असा गोळा येतो. त्याला भिंती येत नाहीत. मग वाटलं, प्रोजेक्शनची करामत असेल. पृथ्वी सपाट करताना कुठे तरी ताण पडतोच आणि ताण पडला की वाकडं सरळ दिसतं. प्रोजेक्शन बदललं. पुन्हा बदललं. पण शून्य-शून्यावर काही ताणायला जागाच नसते. तिथे अंश उभे मोजा की आडवे, लांबी तीच. सगळ्या पृथ्वीवर नकाशा सगळ्यात कमी खोटं बोलतो तो तिथे. प्रोजेक्शन कोणतंही घेतलं तरी चौकोन तसाच राहिला, रेघ न रेघ.

शेवटी मी तो चौकोन मोजला. त्या दिवशी घरी जाऊन मापाची फीत काढली आणि अण्णांची खोली मोजली. अण्णा खुर्चीत बसून बघत होते.

"वायरिंग बदलणार का, वहिनी?" त्यांनी विचारलं.

"नाही अण्णा. सहज."

"मापं नीट घ्या. नाहीतर मीटर भलत्याच जागी येतो."

लांबी जुळली. रुंदी जुळली. प्लॉटमध्ये एका कोपऱ्यात लांबोडा रिकामा तुकडा होता, जिथे एकही ठिपका नव्हता. तिथे खोलीत पलंग आहे. केशरी डाग जिथे होता तिथे दार आहे. दाराच्याही आतल्या बाजूला, अगदी चिकटून. माणूस दाराला कपाळ टेकून उभा राहील तिथे.

५

काकूंना विचारलं. काकू खमक्या बाई, त्यांच्या तोंडून खोटं निघायचं नाही आणि खरं निघाल्याशिवाय राहायचं नाही.

"दिवसभर अण्णा चालतात का हो खोलीत?"

"कुठले चालतायत? जागचे हलत नाहीत. गेला महिना मी बघते ना, जेवणसुद्धा खुर्चीतच. पूर्वी दार उघडलं की चुळबुळ करायचे, बाहेर डोकवायचे. आता दार सताड उघडं ठेवून मी भांडी घासायला गेले तरी ढिम्म. तुला वाईट वाटेल, पण सांगते. परवा मी हाक मारली तर त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मला वाटलं खुर्चीत कुणी नाहीच आहे. नुसता सदरा बसलाय."

"दमत असतील," मी म्हटलं.

"हं," काकू म्हणाल्या. "आणि ते आतून वाजवतात ना, तेवढं बघ. दुपारी माझा डोळा लागतो आणि यांची टकटक सुरू."

"चालत नाहीत म्हणालात ना?"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं, मग हातातल्या ताटाकडे पाहिलं, आणि ते घेऊन त्या आपल्या घरात गेल्या.

सुट्टीच्या दिवशी दुपारी मी लॅपटॉप घेऊन अण्णांच्या खोलीत जाऊन बसले. बाहेर लख्ख ऊन होतं. खिडकीतून ते फरशीवर आलं होतं, भिंतीवरचं घड्याळ चालू होतं आणि घाबरण्यासारखं त्या खोलीत काही नव्हतं. दार उघडं ठेवलं होतं. अण्णा खुर्चीत, हात मांडीवर, डोळे उघडे. कोडला सांगून ठेवलं होतं की चाळणी बंद ठेव आणि अण्णांच्या टॅगची नवी नोंद आली की लगेच ठिपका काढ.

पहिला ठिपका पलंगाशी आला. मी मान वर केली. अण्णा खुर्चीत. दुसरा खोलीच्या मध्यावर. अण्णा खुर्चीत. पुढचा खिडकीशी, माझ्या पायांपासून हातभर अंतरावर, आणि मी नकळत पाय वर घेतले. मग ठिपके दाराकडे निघाले. एकामागून एक, न चुकता, भिंत चाचपत गेल्यासारखे. दाराशी पोहोचले आणि तिथेच एकावर एक पडायला लागले.

टक. टक. टक.

आवाज दारातून आला. दार उघडं होतं, भिंतीला टेकलेलं होतं, त्याला कुणी हात लावलेला नव्हता. पण आवाज बंद दारावर बोटाचं पेर आपटल्याचा होता. भरीव लाकडाचा. लहानपणी अण्णा संध्याकाळी घरी आले की असाच वाजायचा आणि मी धावत जाऊन दार उघडायचे.

मी अण्णांकडे पाहिलं. ते दाराकडे बघत नव्हते. माझ्याकडेच बघत होते, लोकांच्या दारात उभे राहून बघायचे तसे, अदबीने.

"वहिनी, बाहेरून कडी आहे का हो?"

"नाही अण्णा. हे बघा ना, दार उघडंच आहे."

अण्णांनी मान वळवून दार पाहिलं आणि समजूतदारपणे हलवली.

"इथलं उघडं आहे हो," ते म्हणाले.

६

ती कडी मी त्याच दुपारी काढली. सुताराची वाट पाहिली नाही. स्क्रू गंजले होते, स्क्रूड्रायव्हर घसरून बोट सोललं, तरी काढली. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या.

"आणि निघाले बाहेर तर?"

"तर निघू देत. टॅग आहे, शोधून आणीन."

"त्या माणसाने परत हात उचलला तर?"

"तर मी सांगेन की माझे वडील आहेत. उचलायचा तर माझ्यावर उचला."

इतके दिवस जे सांगायला हवं होतं ते मी काकूंना सांगत होते, ज्यांनी कधी काही विचारलंच नव्हतं. काकूंनी स्क्रू गोळा करून माझ्या तळहातावर ठेवले. दाराच्या लाकडावर चार भोकं आणि कडीच्या आकाराचा पांढुरका पट्टा राहिला. अण्णांनी तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला निघताना सवयीने हात दारावर गेला आणि बोटं रिकामीच सरकली. मी खुशीत निघाले, म्हटलं तरी चालेल. कधी नाही ते जिन्यात गुणगुणले. ऑफिसात पोहोचल्यावर चहाही न घेता कोड उघडला आणि चाळणीची ओळ पुसून टाकली. नुसती बंद केली नाही, पुसली.

ठिपके दाराशीच होते.

मी दिवसभर बघत राहिले. मधूनच ते पलंगापर्यंत जात, परत येत आणि पुन्हा दाराशी उभे राहत. केशरी डाग आदल्या दिवसापेक्षा गडद झाला होता. दुपारी काकूंना फोन केला. "दार उघडंय, खुर्चीत आहेत, जेवले नाहीत," काकू म्हणाल्या. "टकटक करतात, मी जाऊन बघते, हात मांडीवर." मी फोन ठेवला तेव्हा सर मागे उभे होते.

"तोच का बाद टॅग? अजून त्याच्याच मागे आहात?"

मला हो म्हणून टाकता आलं असतं.

"बाद नाही, सर," मी म्हटलं. "माझ्या वडिलांच्या खिशात आहे. न विचारता नेला. ते घरातून निघून जातात, म्हणून."

सरांचा चेहरा उतरला. बैठकीतलं हसणं त्यांना आठवलं असावं. "अहो, मग सांगायचं ना," ते हळूच म्हणाले. मग स्क्रीनकडे बघत उगाच काहीतरी कामाचं बोलावं म्हणून त्यांनी विचारलं, "बाकीच्या टॅगांची शून्यं अशीच येतात का? तपासलंत?"

ते मी तपासलं नव्हतं. डोळ्यांसमोर अण्णांखेरीज काही दिसतच नव्हतं.

७

सर गेल्यावर मी सगळे टॅग घेतले. चाळणीशिवाय, एकही न वगळता, प्रत्येकाला वेगळा रंग. करकोच्यांची जी काही शून्यं होती ती सगळी बरोबर शून्यावर, एकावर एक. खोलीच्या मधोमध एकच काळपट ठिपका, बाकी काही नाही. नियमाप्रमाणे. माझा धीर थोडा परत आला. निदान यंत्रं तरी शाबूत होती.

मग मला दाराबाहेरचा ठिपका दिसला.

तो निळा होता. चौकोनाच्या बाहेर, केशरी डागाच्या अगदी समोर, मधे फक्त फळीच्या जाडीएवढी पांढरी फट. मला वाटलं एखादी सुटी नोंद असेल. मोठं करून पाहिलं. एक नोंद नव्हती. कितीतरी दिवसांच्या, सगळ्या एकाच जागी पडलेल्या, शेवटच्या आकड्यापर्यंत त्याच. केशरी ठिपके येत होते, जात होते, दाराशी थकून थांबत होते. निळा ठिपका हललेला नव्हता. कडी जिथे होती तिथे हात पोहोचेल इतक्या जवळ तो उभा होता.

क्रमांक वाचायची गरज नव्हती, तरी वाचला. मग टेबलावरचं किल्ल्यांचं जुडगं उचललं. त्यातला टॅग हातात गार लागला.

मी खूप कारणं शोधली. दोन्ही टॅग एकाच कारखान्यातले. दोन्ही एकाच घरात राहणारे. दिवसभर मी ऑफिसात होते, लोकांनी मला पाहिलं होतं, मी फोनवर बोलले होते, सरांना खरं सांगितलं होतं. कालच स्वतःच्या हाताने कडी उखडली होती. हे सगळं खरं होतं, आणि ठिपका तिथे होता. मी खुर्चीतून उठले. ऑफिसात माणसं आहेत हे विसरून हात पुढे केला आणि हवेत कडी सरकवल्यासारखा उजवीकडे ओढला. पुन्हा ओढला. कुणीतरी विचारलं, "काय झालं?" मी नवी नोंद यायची वाट बघत उभी राहिले. नोंद आली. निळ्या ठिपक्यावर निळा ठिपका.

घरी आले तेव्हा अजून उजेड होता. दार सताड उघडं, काकू नुकत्याच गेलेल्या, ताट झाकून ठेवलेलं. मी खोलीत जाऊन अण्णांच्या खुर्चीपुढे जमिनीवर बसले. त्यांचा हात हातात घेतला. तो हलका लागला, काकू म्हणाल्या होत्या तसा नुसता सदरा धरल्यासारखा.

"अण्णा, मी आलेय."

त्यांनी बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. मग जरा पुढे झुकले आणि आवाज खाली करून बोलले. कुणाबद्दल तिच्या पाठीमागे बोलावं तसे, संकोचून.

"वहिनी, एक विचारू? दाराबाहेर कुणी बाई उभी असते. सकाळपासून. मी वाजवतो, हाका मारतो. तिचा श्वास ऐकू येतो मला, इतकी जवळ आहे. पण उघडत नाही." ते ओशाळं हसले. "माझंच काही चुकलं असेल. तुमच्या ओळखीची आहे का हो?"

मला नाही म्हणता आलं असतं.

"हो," मी म्हटलं. "माझ्या ओळखीची आहे."

अण्णांच्या चेहऱ्यावर केवढा तरी दिलासा दिसला. त्यांनी माझ्या हातावर थोपटलं.

"मग सांगा ना तिला," ते म्हणाले.